तळ्याचं नाव

रिस्टेन आत्या साक्षीला उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकावर मी हातमोजे पिळत बसले होते. तळ्याकाठची चराई आमच्या पूर्वजांचीच होती हे सिद्ध झालं नाही, तर आमच्या रेनडिअरांचं शरदातलं रान खाण कंपनीकडे जाणार होतं.

कंपनीचा वकील मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तिथं तुमची एक खूण सापडत नाही. साधी चूलसुद्धा नाही."

"सापडेल कशी? मुक्काम हलवताना आम्ही चुलीचे दगड परत शेवाळात ठेवतो, राख पांगवतो. माझ्या बापानं जागा तशीच सोडली असती, तर आजीनं त्याला दोरीनं बदडलं असतं."

"म्हणजे पुरावा नाही."

"पुढल्या वेळी घाण करून ठेवू म्हणावं," शेजारी योउनासकाका पुटपुटला.

आमचा वकील उठला. "स्वीडिश शेतकरी तिथं नव्यानं आले, तेव्हा त्यांनी तळ्याला काय नाव दिलं?"

ते नाव आत्याच्या तोंडून निघेना.

का, ते मला ठाऊक होतं. आम्ही स्वतःला सामी म्हणतो. दुसरा शब्द स्वीडिश लोकांचा, हिणवणारा. कर वसूल करताना तोच, जत्रेत आमची माणसं मांडून दाखवताना तोच. निवासी शाळेत बाई आत्याला नावानं हाकच मारायच्या नाहीत, त्याच शब्दानं बोलवायच्या. शाळा सुटल्यापासून तो तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. नकाशावरून तो पुसावा म्हणून दारोदार सह्या मागत हिंडली होती, ती हीच.

"आमच्यात गुओलेयाव्रे. माशांचं तळं."

"आणि त्यांच्यात?"

गळ्याशी असलेला चांदीचा बिल्ला आत्यानं मुठीत धरला. न्यायाधीशांनी मान वर केली.

"लाप्पतळं." तिनं तो शब्द उच्चारला. "काठावर आम्ही दिसलो, म्हणून ठेवलं ना? रिकाम्या काठाला कुणी माणसांचं नाव देतं का, साहेब?"

कंपनीच्या वकिलानं फाईल बंद केली.

निकाल उन्हाळ्यात आला. चराई आमच्याकडं राहिली. त्या दुपारी मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. बाहेर येताच योउनासकाकानं विचारलं, "आता सह्यांचा कागद फाडायचा का गं?"

"फाडून तर बघ!"

माझ्या हातातला कॉफीचा थर्मास घेऊन तिनं खळखळून चूळ भरली आणि बर्फावर थुंकली.