आखाजीचा राम राम

माझ्या भावाचा हात ज्या दोघांनी मोडला, ते आमच्यासारखेच पोटासाठी सुरतेला आलेले होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी विचारायला नको, की बाई, तुमची जीभ एवढी कडू का. आहे कडू. असू द्या.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आधीच्या आखाजीची ही गोष्ट. पंचांगात ती अक्षय्य तृतीया असेल, आम्हा खान्देशातल्या बायकांना ती आखाजी. दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल, आखाजीला माहेर पाहिजेच. भाऊ न्यायला येतो, लिंबाला झोका बांधतो, पुरणपोळी आणि आमरस खाऊन पोरी चार दिवस हुंदडतात. मी तेव्हा सुरतेत, लिंबायतला राहत होते. एक खोली, नवऱ्याची रिक्षा, आणि दारातून दिसणारी दुसऱ्याची भिंत. भाऊ माझ्याहून धाकटा. तो भेस्तानला एका लूमच्या कारखान्यात कापड विणायचा. त्याला मी निरोप धाडला होता, की यंदा आपण दोघांनी मिळून गावी जायचं.

भावाने कारखान्याच्या शेठकडून उचल घेतली होती. काम करायचं, पगारातून कापून द्यायचं, असं ठरलेलं. कापायचे बरोबर, पण उचल काही उतरायची नाही. खाण्याचे चढायचे, राहण्याचे चढायचे, ताप आला तर बुडालेल्या पाळीचे चढायचे. राहायचं तिथेच, लूमच्या मागे पोत्यांवर. फाटकाला बाहेरून कुलूप. बाजारात जायचं तर सोबत वॉचमन. मी डबा घेऊन गेले की फाटकाच्या गजांतून बोलायचं, तेही ओरडून, कारण आत लूमची खडखड. वर्ष झालं तरी मी भावाला जवळून पाहिलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "नोकरी आहे त्याची, तुरुंग नाही." मी म्हणायचे, तुरुंगात निदान सुटायची तारीख तरी सांगतात.

आता माझ्या भावाने काय केलं ते ऐका. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात हे आलंच नसतं.

आमचा बाप आयुष्यभर सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी बाप सकाळी आंघोळ करायचा, बैलांचा कासरा मालकाच्या ओट्यावर ठेवायचा, म्हणायचा, "साल भरलं, राम राम." मालक कितीही खवीस असो, त्या दिवशी त्याने गड्याला पुरणपोळी वाढायची आणि वाट मोकळी करायची. पुढचं साल करायचं असेल तर मग नव्याने बोलणं. काही देणंघेणं राहिलं असेल तर त्याचंही बोलणं तेव्हाच. पण आखाजीच्या दिवशी गडी कोणाचा नसतो. हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो.

तर माझा हा येडा भाऊ आखाजीच्या सकाळी न्हाला, धुतलेला सदरा घातला, आणि शेठ कारखान्यात आला तसा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. विणणाऱ्यांकडे धागा तोडायची छोटी कात्री असते, कमरेला लावलेली. ती त्याने काढली, शेठच्या टेबलावर ठेवली, हात जोडले.

"मना साल भरनं, शेठ. राम राम."

अरे देवा! पळाला असता तरी समजलं असतं. बाकीचे पळायचे, धरले जायचे, मार खायचे. हा पळाला नाही. हा पुरणपोळीची वाट बघत उभा राहिला!

शेठला काय ठाऊक आखाजी? त्याला दिसलं एवढंच, की एक कारागीर सगळ्यांदेखत कात्री टाकतोय. त्याला वाटलं हा संप करतोय, दुसऱ्यांना फितवतोय. "हडताळ करे छे? पैसा तारो बाप आपशे?" पैसा काय तुझा बाप देणार, असं म्हणाला आणि पहिली थप्पड त्यानेच मारली. मग सुपरवायझर आणि वॉचमनला हाक मारली. त्यांनी भावाला खाली पाडलं. एकाने छातीवर गुडघा ठेवला, दुसऱ्याने उजवा हात लूमच्या लोखंडावर दाबून धरला आणि लाकडी दांड्याने बोटांवर हाणलं. वर म्हणाला, कात्री सोडतोस काय, आता धरूनच दाखव. लूम चालूच होते. भाऊ सांगतो, मी ओरडत होतो का नाही तेच मला ऐकू येत नव्हतं.

दुपारी मी डबा घेऊन फाटकाशी पोचले. पुरणपोळ्या केल्या होत्या, पिशवीत गावी जायचे कपडे. वॉचमन म्हणाला, "गाम गयो."

मला सोडून गावी? आखाजीला? मेल्या, खोटं बोलायचं तर जरा शिकून तरी बोल! मी गजांना धरून भावाच्या नावाने बोंब ठोकली. तेव्हा मागच्या बाजूच्या जाळीतून मराठवाड्याकडचा एक कारागीर ओरडला, "ताई, आतच हाय तो! हात तोडलाय त्याचा!"

मग माझं डोकं राहिलं नाही. स्टीलचा डबा होता हातात, भरलेला. तो मी वॉचमनच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फाटला. त्याने माझ्या केसांना धरून मला फाटकावर आपटलं, दोनदा. भुवईवर हा वण आहे ना, तो त्याचा. मी त्याच्या मनगटाला चावले आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. पुरणपोळ्या रस्त्यावर पडल्या आणि कुत्र्यांनी आखाजी केली.

पोलीस चौकीत गेले तर जमादार म्हणाला, उचल घेतली होती ना, मग आपसात मिटवा. माझ्या कपाळातून रक्त गळतंय आणि हा बाबा चहात खारी बुडवतोय. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि शिपाई त्याचा सोयरा.

वाट सापडली ती नवऱ्याच्या रिक्षामुळे. एक म्हातारे गुजराती वकील रोज त्याच्या रिक्षाने कोर्टात जायचे. नवऱ्याचं आपलं चालू होतं, की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हटलं, शहाण्याने नाही ना? मग मी चढते. वकीलकाकांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "फाटकाला कुलूप कुठून?"

"बाहेरून."

"बेटा, यालाच वेठबिगार म्हणतात. आणीबाणीच्या काळापासून कायदा आहे. उचलीपायी माणसाला डांबून ठेवलं, की गुन्हा. आणि ती उचलही त्या क्षणी मेली. फेडायची गरज नाही."

माझा विश्वास बसेना. एवढा कायदा होता, तर मग तो लिंबायतपर्यंत चालत का नाही आला? त्याचे पाय कोणी मोडले होते? काका रागावले नाहीत. त्यांनी मामलतदारांकडे अर्ज टाकला. मामलतदार म्हणजे आपल्याकडचा तहसीलदार. त्यांनी स्वतः येऊन चौकशी करायची, भाऊ अडकलाय अशी खात्री पटली तर तिथल्या तिथे सोडवायचं. पण काकांनी मला बजावलं, "तुझा भाऊ काय बोलतो त्यावर सगळं आहे. तो भिऊन मी खुशीने राहतोय म्हणाला, तर संपलं. साहेब जातील आणि फाटक पुन्हा लागेल."

त्यानंतर काय होईल ते सांगायची गरज नव्हती. एक हात मोडला होता, दुसरा शिल्लक होता.

मामलतदार आले त्या दिवशी फाटक सताड उघडं. आत पाण्याचा नवा माठ, शेठ हसतमुख. भावाला खुर्चीवर बसवलेलं, हाताला पांढरं शुभ्र फडकं गुंडाळलेलं. शेठ म्हणाला, "हाथ मशीनमां आवी गयो, साहेब." भाऊ माझ्याकडे बघेना. गालफडं आत गेली होती, सदरा तोच, आखाजीचा.

साहेबांनी विचारलं, "उचल घेतली होती?"

"हो."

"इथे तुला जबरदस्तीने ठेवलंय का?"

भाऊ फडक्याकडे बघतोय. शेठ त्याच्याकडे बघतोय, सुपरवायझर बघतोय. बोल ना रे, एक शब्द बोल!

आणि तो बोलला काय? "साहेब, उचल मी घेतली, ती खरी शे. मी नाही म्हणणार नाही. मी काय चोर शे का?"

मला वाटलं, इथेच जमिनीवर डोकं आपटून घ्यावं. बापाने शिकवलेलं इमान नेमकं इथे काढायचं होतं! साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काकांनी डोळे मिटले.

पण शेठला राहवेना. जिंकलोय असं दिसलं, की माणसाची जीभ सैल होते. छाती काढून म्हणाला, "बघा साहेब! स्वतः कबूल करतोय. माझा पैसा फेडल्याशिवाय हा जाईल कसा? मी जाऊच कसा देईन? दरवाज्याला कुलूप काय मी उगाच लावतो?"

काका खुर्चीवरून उठले. "साहेब, हे लिहून घ्या. जसंच्या तसं."

शेठला कळेचना, की आपण काय बोललो. खरं सांगते, त्याला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. माझ्या भावालाही नव्हतं. दोघेही एकच गोष्ट मानत होते, की पैसा घेतला म्हणजे माणूस विकला. साहेबांनी टोपण काढलं आणि विचारलं, "चावी कोणाकडे असते?" वॉचमनने सवयीने कमरेची चावी काढून पुढे केली. माझ्या दातांची खूण होती त्याच्या मनगटावर, चांगली पिकलेली.

तेव्हा शेठला उजाडलं. तो "नमकहराम!" म्हणत धावला आणि साहेबांसमोर भावाच्या कानशिलात हाणली. भाऊ खुर्चीसकट कोसळला, मोडक्या हातावरच. तेव्हा तो जे ओरडला ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं, कारण त्या दिवशी लूम बंद होते. मी शेठवर धावले, शिपायाने मला कमरेत धरलं. मी थुंकले. पोचलं.

भाऊ त्याच दिवशी सुटला. हातात कागद होता, सरकारी शिक्क्याचा, की हा वेठबिगारीतून मुक्त आहे आणि याचं काही देणं नाही. शेठचं काय झालं? काय होणार! जामीन, तारीख, तारीख. मग प्लेग आला, निम्मी सुरत पळाली, आणि साक्षीदार कोण कुठे गेले कोणाला पत्ता नाही. हाडवैद्य म्हणाला, उशीर केलात. तीन बोटं वाकडीच राहिली.

पुढच्या आखाजीला भाऊ मला न्यायला लिंबायतला आला. गावी गेलो. आईने पुरण शिजवलं, लिंबाखाली झोक्याचा दोर आणून टाकला. भाऊ फांदीवर चढला आणि वरूनच, सहज सांगावं तसं म्हणाला, "ताई, मी थोडे थोडे पैसे बाजूला टाकतोय. त्या शेठचे देऊन टाकतो एकदा. कायद्याने सोडलं, पण माझ्या मनाने नाही सोडलं."

मी त्याला खाली उतरायला लावलं. तो उतरला, आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. नंतर पाठीत, नंतर जिथे लागेल तिथे. आई धावत आली. मी मारत होते आणि ओरडत होते, "आणि तुझ्या हाताचे कोण देणार? तुझ्या हाताचे कोण देणार, रे?" त्याने एकदाही हात वर केला नाही. मार कसा खायचा हे त्याला चांगलं शिकवलं होतं त्यांनी. ते बघितलं आणि माझे हात गळाले. मी तिथेच मातीत बसून रडले. तोही बसला.

थोड्या वेळाने तो उठला, पुन्हा फांदीवर चढला. उजव्या हातात दोर धरवत नव्हता, म्हणून दातांत धरला आणि डाव्या हाताने गाठ ओढली. मग खाली उतरून स्वतः लोंबकळून बघितलं.

"बस ताई," म्हणाला. "पक्की शे."

मी बसले.