वहीतल्या कमरा

पंधरा दिवसांच्या सुट्टीतल्या चौथ्याच दिवशी मास्तरांच्या बायकोनं हात टेकले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंप्याच्या दुकानात माप घेऊन कापड कापणारा जो मुख्य माणूस असतो, तो मास्तर. शिवणारे वेगळे, काजबटण करणारे वेगळे. एकतीस वर्षं ते एकाच दुकानात, एकाच लांबलचक टेबलाशी उभे राहून कापत आले होते. साठीला दोन वर्षं कमी होती. सलग चार दिवस घरी बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि कसं बसायचं हे ठाऊकही नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीचे पडदे मोजले. डावा पडदा अर्ध्या इंचानं खाली होता. गेली सात वर्षं तो तसाच होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं, पण मास्तरांनी दोन्ही उसवून पुन्हा हातशिलाई घातली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. रांग दिसायला सुंदर झाली, पण मीठ वरच्या फळीवर गेलं आणि साखर कुठे गेली ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यात कामाला निघाली तर तिला दारात थांबवून म्हणाले, "तुझ्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय."

"बाबा, रुग्ण माझा खांदा बघायला येत नाहीत."

"तू उभी राहा फक्त. दोन टाचण्या लावतो."

"आई! यांना आवर!"

चौथ्या दिवशी ते बायकोच्या शेजारी उभे राहून तिचं भाजी चिरणं बघू लागले. मग न राहवून म्हणाले, "तुकडे सारखे येत नाहीयेत गं."

"अहो, भाजी शिजवायचीय, शिवायची नाही," असं म्हणून तिनं सुरी खाली ठेवली. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ते उगीच नाही. जा, जरा फिरून या."

मास्तर गेले नाहीत. स्टुलावर बसले आणि मनातलं बोलले.

"दुकानात फोन केला होता मघाशी. मालक म्हणाले, सगळं झकास चाललंय, फोन करू नका, सुट्टी म्हणजे सुट्टी."

"मग चांगलंच म्हणाले की."

"खरंच चांगलं म्हणायचं असतं, तर 'तुमच्यावाचून जरा अडतंय' म्हणाले असते."

तेव्हा बायकोला कळलं की पडदे आणि डबे हा काही खरा आजार नव्हे. सुट्टी मालकांनीच आग्रहानं दिली होती, आणि तेवढ्या दिवसांसाठी एक नवी मास्तरीण ठेवली होती. तिशीची, शिवणकामाची पदविका घेतलेली, हाताला चपळ. जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी स्वतःच तिच्या हाती मापांची जाडजूड वही ठेवली होती. नेहमीची गिऱ्हाइकं कापड टाकून जातात, 'आमचं माप आहे तुमच्याकडे' म्हणतात. त्या सगळ्यांची मापं वहीत होती. वही देताना त्यांना अभिमान वाटला होता. आता घरी बसल्यावर वाटत होतं की आपण आपली खुर्चीच उचलून तिच्या हाती दिली.

"ती चांगलं कापत असेल तर?" ते म्हणाले. "मालकांना दोन मास्तर कशाला लागतील?"

"एकतीस वर्षांचा हात आहे तुमचा."

"हात माझा. वही तिच्याकडे."

बायकोनं चहा टाकला. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

राहिलेले अकरा दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. मास्तरांनी घरातल्या सगळ्या शर्टांची बटणं पक्की केली. शेजाऱ्यांच्या शर्टांचीही केली. पायपुसण्याला गोट लावला.

कामावर जायच्या दिवशी पहाटेच उठून त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि गळ्यात टेप अडकवूनच चहाला बसले.

"निदान दाराबाहेर पडेपर्यंत टेप खिशात ठेवा," बायको म्हणाली. डबा भरताना ती गुणगुणत होती. नवऱ्याचा उतरलेला चेहरा दिसला तशी गुणगुण थांबली. "काय होईल ते होईल. पोट भरलेलं असलं की निम्मं सोपं जातं," म्हणत तिनं डब्यात चार घास जास्तच घातले.

"बाबा, काढलंच तर घरी या," मुलगी चपला घालता घालता म्हणाली. "अजून माळ्यावरचं सामान उंचीप्रमाणे लावायचं राहिलंय."

"देवा, नको!" असं बायको इतक्या कळवळ्यानं म्हणाली की मास्तरांनाही हसू फुटलं.

दुकान वीस मिनिटांच्या चालीवर होतं. मास्तरांना रस्त्यातली माणसं नावानं फारशी आठवत नसत, कमरेच्या मापानं आठवत. वर्तमानपत्रवाला म्हणजे तीस, कुलपं दुरुस्त करणारा म्हणजे एकतीस आणि जरा वाकलेला, बँकेतले रखवालदार म्हणजे बेचाळीस. रोज ही मंडळी मनातल्या मनात मोजत ते मजेत जात. आज कुणाकडे बघायचं सुचत नव्हतं.

दुकानाचं काचेचं दार ढकललं आणि पहिल्या प्रथम काजवाल्या मावशी दिसल्या. काज करणं, बटणं लावणं आणि कुणाचीही भीड न ठेवणं ही तिन्ही कामं त्या वीस वर्षं करत होत्या.

"आलात? बरं झालं!" मावशी दाराशीच म्हणाल्या. "पंधरा दिवसांत या लोकांनी काय खाल्लंय देव जाणे. सगळे फुगलेत."

"कोण फुगलेत?"

मावशींनी हातातल्या सुईनंच दांडीकडे दाखवलं. दांडीवर अकरा पँटी टांगल्या होत्या. प्रत्येकीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच तक्रार: कमरेत होत नाही. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाच्या मागच्या शिवणीचा दोरा तट्ट ताणलेला.

टेबलाशी नवी मास्तरीण उभी होती. तिच्यापुढे तीन टेप एकाशेजारी एक पसरलेले होते. डोळे लाल झालेले.

"मास्तर, तिन्ही टेप सारखे आहेत," ती म्हणाली. "मी कापड तीन-तीनदा मोजलं. वहीत चौतीस, तर कापडावर चौतीस. मग चुकतंय कुठे?"

मास्तरांनी एक पँट उचलली. चिठ्ठी वाचली आणि त्यांची कानशिलं तापली. दुसरी उचलली. तिसरी उचलायची गरज उरली नव्हती.

एवढ्यात मालक आतून आले. थोरले मालक वारल्यावर दुकान बघणारा हा त्यांचा मुलगा. चाळिशीचा, मनानं बरा, पण घाईचा.

"या मास्तर, या! तुमच्यावाचून हाल झाले हो आमचे. फोनवर बोललो नाही, म्हटलं तुमच्या सुट्टीचा विचका नको." मग नव्या मास्तरणीकडे न बघता म्हणाले, "हिला सांगितलंय मी. शनिवारपर्यंत काय ते. पदविका घेऊन कुणाला कापता येत नसतं. तुमचं टेबल तुम्हाला परत."

पंधरा दिवस मास्तर जे ऐकायला तळमळत होते, तेच शब्द होते हे. तुमच्यावाचून हाल झाले. तुमचं टेबल तुम्हाला परत. आता फक्त मान हलवायची, टेप गळ्यात नीट करायचा आणि कात्री हातात घ्यायची. दुपारपर्यंत अकराही पँटी मार्गी लावता आल्या असत्या, आणि त्यांचं नाव आणखी मोठं झालं असतं.

नव्या मास्तरणीनं तिन्ही टेप गोल गुंडाळायला घेतले. दुकानाचा एक, तिचे दोन. तिचे दोन तिनं पिशवीत टाकले.

"थांब," मास्तर म्हणाले. मग मालकांकडे वळून म्हणाले, "तिचं बरोबर आहे. वही खोटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आकडे खोटे आहेत. मीच लिहिलेले."

मागच्या बाजूला चालणारी दोन्ही शिलाई मशीनं थांबली.

मास्तरांनी सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी ते नवे असताना एका गृहस्थांचं माप घेऊन त्यांनी मोठ्यानं 'एक्केचाळीस' म्हटलं. दुकानात चार माणसं होती. कुणीतरी हसलं. गृहस्थ लालेलाल झाले, कापड काखेत मारून निघून गेले, ते पुन्हा कधी आलेच नाहीत. तेव्हापासून मास्तर टेप बघत, मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत, आणि त्याला आवडेल तो आकडा म्हणत. गिऱ्हाईक वहीत डोकावून बघतं, म्हणून लिहीतही तोच. खरा आकडा डोक्यात ठेवून कापत. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाईक खूश, पँटही बरोबर.

"आणि हिला वही देताना सांगितलं नाहीत?" मालकांचा आवाज चढला.

"लक्षातच आलं नाही. एकतीस वर्षं कापताना आपोआप बेरीज होत गेली. वहीत खोटं आहे हे मीच विसरून गेलो होतो." त्यांनी हातातली पँट खाली ठेवली. "चूक माझी आहे. शनिवारपर्यंत काय ते असेल, तर ते माझं असू दे."

मालकांनी वही ओढली आणि पानं उलटू लागले. घाईघाईनं उलटता उलटता एका पानावर थबकले.

"मास्तर."

"जी."

"यात माझं माप तेहतीस आहे."

मास्तर खडूकडे बघू लागले.

"खरं किती?"

"कशाला ते आता..."

"किती?"

"सदतीस," मास्तर पुटपुटले. "जेवणानंतर साडेसदतीस."

मावशींनी तोंडावर पदर दाबला, पण हसू काही पदरात मावेना. मशीनवरच्या एकानं खोकल्याचं सोंग केलं. मालक पोटाकडे बघत राहिले.

"मी घरी सगळ्यांना सांगतो, लग्नापासून माझी कंबर तेहतीसच आहे म्हणून," ते हळूच म्हणाले. "बायको हसते. मला वाटायचं, तिला कौतुक वाटतंय. आणि बाबा? बाबांना हे माहीत होतं?"

"थोरल्या मालकांची कंबर," मास्तर म्हणाले, "शेवटपर्यंत तीसच होती."

आता मात्र मालकांना राहवलं नाही. टेबलावर हात आपटून ते इतके हसले की त्यांच्या पँटीचं बटण धोक्यात आलं. डोळे पुसत म्हणाले, "मावशी म्हणतायत ते खरं आहे, सगळं गाव फुगलंय. फक्त आत्ताच नाही, तीस वर्षं झाली." मग जरा सावरून, मालकाच्या आवाजात म्हणाले, "वहीत तीनशेवर माणसं आहेत. त्या सगळ्यांच्या खऱ्या कमरा तुमच्या डोक्यात, आणि उद्या तुम्हाला ताप आला तर? तुम्ही सांगायचं, हिनं दुसऱ्या वहीत लिहायचं. आणि दोघांनी मिळून कापायचं. काम दोघांना पुरेल एवढं आहे. कुणी कुठं जायचं नाही." आणि मास्तरणीकडे वळून, "मी बोललो ते मनावर घेऊ नकोस. तेहतीस कमरेच्या माणसाचं डोकं लवकर तापतं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. नव्या मास्तरणीनं पिशवीतले टेप काढून पुन्हा टेबलावर ठेवले.

दोघं कामाला लागले. मास्तरांच्या पद्धतीनं पँटीच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, आत दुमडून ठेवायची. तिनं पुस्तकाप्रमाणे एक इंच सोडलं होतं. तेवढ्यावर आठ पँटी उसवून सैल करता आल्या. तिघांच्या कमरा फार लांब गेल्या होत्या. त्यांना उरलेल्या कापडाची पाचर घालायचं ठरलं. मास्तर उसवता उसवता सांगत होते: हे छत्तीस, पण बसल्यावर सदतीस. याचा डावा खुबा वर आहे. हे पट्टा पोटाच्या खाली बांधतात, तिथे मोजायचं. ती भराभर लिहीत होती.

"हे सगळं तुम्ही लक्षात कसं ठेवता?"

"लक्षात ठेवत नाही. माणूस आठवतो, मग त्याची कंबर येतेच मागोमाग."

दुपारी दातांचे डॉक्टर आले. अकरातली एक पँट त्यांची होती. एरवी मोठ्यानं बोलणारा हा माणूस दाराशी अंग चोरून उभा राहिला.

"मास्तर, ती पँट राहू द्या थोडे दिवस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मीच उतरतोय. सहा दिवस झाले, एकवेळच जेवतो. आज एका रुग्णाचा दात काढताना मला घेरी आली."

मास्तर काही बोलणार, तोच नवी मास्तरीण टेप घेऊन पुढे झाली. "एकदा माप बघू द्या ना डॉक्टर."

तिनं टेप फिरवला. मास्तरांनी लांबूनच बघितलं, एकोणचाळीस. सहा दिवसांच्या उपाशीपणानं टेपवर काही फरक पडला नव्हता. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते.

"किती?"

तिनं टेपकडे बघितलं. मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"छत्तीस," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "तुमचं नेहमीचंच. कापायला मी चुकले. परवा घेऊन जा पँट."

"तरी मी म्हणतच होतो!" डॉक्टरांची छाती फुगली, पोटही फुगलं. "घरी म्हणतात वय झालं. कसलं वय! जेवूनच येतो आता." ते गेले ते जवळजवळ धावतच.

नवी मास्तरीण नव्या वहीपाशी आली, पेन उघडलं आणि कुजबुजली, "खरं एकोणचाळीस लिहू ना?"

"लिही. पण गिऱ्हाईक समोर असताना लिहायचं नाही."

"आणि ते बसूनच राहिलं तर? तोवर काय करायचं?"

"तोवर लक्षात ठेवायचं," मास्तर खडू शोधत म्हणाले. "तुला एकाचंच ठेवायचंय. जमेल."