रोह्याची लॅब आणि हिरुबायचा उपास

किस्से काय, कुठेही जमतात. पण आमच्या लॅबमध्ये जरा जास्तच जमतात, कारण आमचं निम्मं काम म्हणजे वाट बघणं. मशीन एकदा फिरायला लागलं की ते थांबेपर्यंत करायचं काय? फरीदा बोलते, सर बोलतात, मी तर बोलतेच! पंचाईत होते ती संध्याकाळी. खोलीवर आलं की दिवसभराचं सगळं पोटात तसंच असतं. सांगायचं कुणाला? कुकरला? एकदा सांगून बघितलं, तर तो मधेच शिट्टी मारतो. म्हणून आज तुम्ही सापडलात. बसा.

लॅब रोह्याच्या एमआयडीसीत, एका कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर. माणसं चार. कर्णिक सर प्रमुख, फरीदा टेक्निशियन, नितीन गाडी चालवतो आणि सॅम्पल आणतो. चौथी मी. मूळची पेणची. आईबाबा गेल्यावर तिथलं घर बंद केलं, लग्न केलं नाही, आणि या तिघांशिवाय दिवसभरात माझं कुणाशी बोलणं होत नाही. हे आधीच सांगून ठेवते. नंतर 'अगं, एवढं काय त्या लॅबचं घेऊन बसलीस' म्हणू नका!

हेड ऑफिस हैदराबादला. तिथून सारखं एकच टुमणं: दिवाळीच्या आत निरोगी म्हाताऱ्या माणसांच्या रक्ताचे स्वच्छ आकडे द्या, नाहीतर लॅब इकडे हलवतो. फरीदाचं घरदार इथं, ती जाणार नाही. नितीनला दुसरी गाडी मिळेल. मी काय करू? हैदराबादच्या कुकरशी बोलू?

* * *

मी नवीन असताना माझी घरमालकीण मला विचारायची, "तुमच्या कंपनीत बनवतात तरी काय?"

मी तिला ओट्याशी उभं राहून समजावलं. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी बाहेर बारीक बारीक पुड्या सोडत असते. इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. पुडीला पेशीचंच आवरण, आत पेशीचाच ऐवज: थोडी प्रोटीन्स, थोडे आरएनएचे तुकडे. पुस्तकात त्यांना बाह्यपेशीय पुटिका म्हणतात, आम्ही आपलं व्हेसिकल म्हणतो. आधी सगळ्यांना वाटायचं, पेशी कचरा बाहेर टाकते. मग कळलं की दुसऱ्या पेशी या पुड्या आत घेतात आणि त्याप्रमाणे वागायला लागतात. निरोपच तो एक प्रकारचा! आजारी पेशीच्या पुडीत आजाराची खूण असते. ती रक्तात सापडली तर आजार लवकर ओळखता येईल, म्हणून हा सगळा खटाटोप.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कचऱ्यातच काम ना? मग रोज एवढ्या इस्त्रीचे कपडे कशाला घालता?"

* * *

या पुड्या वेगळ्या काढायच्या तर रक्त आधी हळू फिरवायचं, म्हणजे पेशी खाली बसतात. मग वरचं पाणी भयंकर वेगानं फिरवायचं. त्या मशीनचा एकच नियम: समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं पाहिजे. फरीदा या बाबतीत इतकी कडक आहे की स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पिशव्यासुद्धा तोलून लावते.

एकदा ती रजेवर होती. सरांनी उत्साहात स्वतः नळ्या लावल्या आणि समोरची एक विसरले. मशीन असं काही घरघरलं आणि थडथडलं की खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी सायरन वाजवला. आमच्या एमआयडीसीत सायरन म्हटला की गॅस लीक! तोंडाला रुमाल बांधून अख्खी कंपनी गेटजवळच्या मोकळ्या जागेत. सर सगळ्यांच्या पुढे. सिक्युरिटीवाला डोकी मोजतोय. मशीन बिचारं केव्हाच आपलं आपण बंद पडलेलं.

सर रुमालातून विचारतायत, "कुठली कंपनी लीक झाली?"

मी म्हटलं, "सर, ती आपलीच नळी!"

तेव्हापासून फरीदा रजेवर असली की मशीनही रजेवर.

* * *

सरांचा दुसरा पराक्रम गोड आहे. सुरुवातीला आम्ही बशीत पेशी वाढवायचो आणि त्यांच्या पुड्या मोजायचो. आकडा असा आला की सर खुर्चीतून उठले! नितीनला पिटाळून पेढे आणवले. खालच्या मजल्यापर्यंत वाटले.

फरीदा पेढा खाता खाता म्हणाली, "सर, एकदा पेशी न घालता नुसतं त्यांचं खाणं मशीनला लावून बघू या का?"

आता हे खाणं म्हणजे काय, तर त्यात वासराच्या रक्तातलं सीरम असतं. पेशी त्यावर पोसतात. लावलं. आकडा जवळजवळ तेवढाच! म्हणजे आम्ही नाचत होतो त्या पुड्या आमच्या पेशींच्या नव्हत्याच, सगळ्या वासराच्या. सीरम आधी फिरवून त्यातल्या पुड्या काढून टाकायच्या असतात. घाईत ते राहूनच गेलं होतं.

सर डोकं धरून बसले. फरीदानं रिकामा खोका उचलला. "जाऊ द्या सर. पेढेसुद्धा वासराच्याच वाटणीच्या दुधाचे होते."

* * *

मग रक्ताचं काम आलं. पेणला रक्त घ्यायचं आणि नितीननं गाडीतून रोह्याला आणायचं. पुन्हा आकडे आभाळाला! धडधाकट माणसाच्या रक्तात इतक्या पुड्या? ओळख तपासली, म्हणजे पुड्यांच्या अंगावर कुठल्या पेशीच्या खुणा आहेत ते बघितलं. सगळ्या प्लेटलेटच्या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या चिमुकल्या पेशी. त्यांना जरा धक्का लागला की भराभरा पुड्या सोडतात. आणि वाटेत पेण ते नागोठणे हायवेवर काय थोडे धक्के आहेत?

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतके दिवस आपण हायवे मोजत होतो!"

नितीनला वाटलं, ठपका त्याच्यावर आला. तो माझ्यावरच फणकारला. "मॅडम, खड्डा चुकवायला बाजूला रस्ता तरी पायजेल ना!"

मग ठरलं, रक्त आणायचं नाही, माणूसच आणायचं. तेही रेल्वेनं.

* * *

रविवारचा किस्सा म्हणावा असा नाही, पण सांगते. एक मशीन आहे, त्यात लेझरचा प्रकाश सोडला की पुड्या पडद्यावर ठिपके होऊन दिसतात. काळ्यावर पांढरे, सारखे थरथरणारे. बारीक ठिपका जास्त नाचतो, मोठा कमी. त्या नाचण्यावरून मशीन त्यांचं माप काढतं.

रविवारी पेशींना खाणं घालायला मी जाते. काम तासाभराचं, पण मी दिवस काढते. ठिपके लावून बघत बसते. खोलीपेक्षा बरं वाटतं, खरं सांगायचं तर. तिथं काहीतरी हलत असतं.

गेटवरचा सिक्युरिटीवाला एकदा म्हणाला, "मॅडम, आजपण?"

मी तोऱ्यात म्हटलं, "पेशींना रविवार नसतो!"

"नाय, पेशींचं नाय विचारलं मी," तो म्हणाला.

मी रजिस्टरवर सही केली आणि आत गेले.

* * *

आता हिरुबाय. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. जन्म मिठागरात गेला, नवरा वारला, मुलगा-सून सुरतेला. एकटीच राहते. गावात आम्ही तपासणी ठेवली तेव्हा तिला ना शुगर, ना बीपी. बाकीच्या म्हाताऱ्या मंडळींचं रक्त घेऊन झालं होतं, एवढं एकच सॅम्पल बाकी होतं. सरांनी तिला अगदी हात जोडले.

अट एकच, रात्रीपासून उपाशी यायचं. तेलकट खाल्लं की रक्तात चरबीचे कण तरंगतात. तेही ठिपक्यांसारखेच दिसतात आणि मशीन त्यांना पुड्या समजून मोजतं.

पहिल्या मंगळवारी आली. प्रवासाचे धक्के शांत व्हायला दोनेक तास बसवलं, मग रक्त घेतलं, फिरवलं, वरचं पाणी बघतो तर दुधासारखं पांढरं!

"हिरुबाय, काही खाल्लंत?"

"नाय गो. पान्याचा थेंब नाय."

असेल काही. तिला चहा दिला, फरीदानं डब्यातलं खाऊ घातलं. दुपारभर माझ्या बाजूच्या स्टुलावर बसून राहिली. मिठागराच्या गोष्टी सांगितल्या, फरीदाच्या पोरांची नावं पाठ केली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "क्यवढी सुकलीस गो!" निघताना विचारलं, "मंग परत कवा येव?"

पुढच्या मंगळवारी पुन्हा पांढरं. त्याच्या पुढच्याही. सर हैराण! लिव्हरची तपासणी झाली, थायरॉइडची झाली, सगळं उत्तम. फरीदा म्हणाली, मशीन बिघडलंय. सर म्हणाले, आपलं नशीब. मला मात्र एव्हाना सोमवारपासूनच बरं वाटायला लागायचं.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा मंगळवार. आज सॅम्पल नाही मिळालं तर लॅब गेली, इतकं सरळ. सर म्हणाले, "तुम्ही स्वतः स्टेशनवर जा आणि त्यांना थेट घेऊन या."

गाडी येऊन गेलेली. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर हिरुबाय बसलेली. मांडीवर डबा. डब्यात तांदळाची भाकरी आणि तेलात तळलेले बोंबील, आणि ती निवांत जेवत होती!

"हिरुबाय!"

ती जराही दचकली नाही. बाकावर सरकून जागा केली. "बस गो."

"अहो, आज रक्त द्यायचंय! दर वेळी तुम्ही हेच करत होतात?"

"व्हय."

"आज नाही झालं तर आमची लॅब बंद होईल. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंस. माला बी वाईट वाटतंय." तिनं बोटं पदराला पुसली. "पन रक्त चांगलं निघालं, मंग माला परत कोन बोलावल?"

"मी बोलावलं असतं. रक्ताशिवाय बोलावलं असतं!"

"बोलावतीस?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "आजून कोनी नाय बोलावलं गो तसं. तुला बोलावतं का कोन?"

त्या बाईवर मनापासून चिडायचं होतं, ते जमेना. तिनं भाकरी मोडली, वर बोंबील ठेवला आणि माझ्या हातात दिला.

तेवढ्यात फोन वाजला. सर.

"भेटल्या का? उपाशी आहेत ना?"

मी घास गिळला.

"नाही, सर," मी म्हटलं. "दोघीपण नाही."