जर्मलची चाकं

आमच्या दारात गाडी आहे, हे नातेवाइकांना सांगायला बरं वाटायचं. ती चालते का, असं कोणी पुढे विचारलं की मी चहा टाकायला उठायची.

गाडी सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. भिंगारला लष्कराच्या एका डेपोत त्यांनी उभी हयात स्टोअर सांभाळलं आणि रिटायर झाल्यावर कुणालाही न विचारता एक जुनी गाडी दारात आणून उभी केली. गाडी यथातथाच, पण चाकं ऐटबाज. इतरांच्या गाड्यांना लोखंडी चाकं आणि वर प्लास्टिकची टोपी. हिला अलॉयची, पाच पाकळ्यांची, नव्या वाटीसारखी चकाकणारी. मामा त्यांना ‘मॅगची चाकं’ म्हणायचे आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "मला न्हाई कदी एवढं इचारलं."

सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ मामांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून मामा ओट्यावरच्या खुर्चीत आणि गाडी त्यांच्या समोर, अशी दोघं एकमेकांकडे बघत बसलेली. गाडीची किल्ली मामांच्या बंडीच्या खिशात. झोपतानासुद्धा.

नवरा बाहेरगावी कंपनीत. महिन्यातून एकदा येतो, तोही झोप काढायला. त्यामुळे मामांना उठवणं, बसवणं, अंघोळ, जेवण आणि रात्री कूस बदलून देणं माझ्याकडे. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. दिवसा शेजारची आपा तास-दोन तास येऊन बसते, तिचे उपकार मी फेडू शकणार नाही. पण रात्र माझीच. म्हणजे खरं तर रात्र माझी नव्हतीच, मामांची होती.

आणि माझी आई भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्तीवर एकटी. भाऊ नाशिकला, त्याचा संसार त्याला पुरतो. आईला म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा, तर म्हणते, "लेकीच्या घरी पानी प्यायला यील, ऱ्हायला न्हाई." तिच्याकडे एसटीनं जायचं तर भिंगारहून नगरचा स्टँड, तिथून संगमनेर, मग अकोले, आणि पुढे जीप भरेपर्यंत वाट बघत बसायचं. जायला एक दिवस, यायला एक दिवस आणि मधली रात्र तिकडे. ती रात्र मी आणू कुठून?

म्हणून चाळिशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग क्लास लावला. हिशेब सरळ होता. पहाटे निघायचं, दुपारी आईजवळ जेवायचं, रात्री मामांची कूस बदलायला परत. क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात मी, गिअर बदलताना ‘अगं बाई’ म्हणणारी. हसू देत म्हटलं. लायसन आलं त्या दिवशी ते मामांच्या मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केला.

मामांनी लायसन डाव्या हातानं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "चाकं बघितलीस का? असली चाकं घिऊन घाटात जाशील? आदी चाकं साफ कर. मंग बघू."

चाकं खराब झालीच होती, त्यात खोटं नव्हतं. इतकी वर्षं बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेली, त्यात गाडी जागची हललेली नाही. वरचा चकचकीत थर जागोजागी फुगला होता आणि त्याच्या खाली पांढऱ्या अळ्या चालल्यासारख्या वाकड्यातिकड्या रेघा. नख लावलं की खपली निघायची, आत पांढरं पीठ. डावीकडचं पुढचं टायर तर हवा भरली की दोन दिवसांत बसायचं.

"कशानं साफ करू?"

"चिंच लाव. डेपोत इन्स्पेक्शनच्या आदी आमी समदं चिंचंनंच घासायचो. आरशागत व्हायचं."

मला ते पटलं. न पटायला काय झालं? तांब्याचा हंडा, पितळेची समई, सगळं आपण चिंचेनंच घासतो. माझा दर रविवार चाकांना जाऊ लागला. चिंच भिजवायची, मीठ घालायचं, पाकळीपाकळीत बोटं घालून घासायचं, वर तसंच तासभर ठेवायचं, मग पाणी. मामा खुर्चीतून काठीनं दाखवायचे, "तिथं बघ, अजून पांढरं हाय." मी तिथं घासायची. "आता खालच्या अंगाला." मी खाली वाकायची.

दसऱ्याला सगळी गल्ली गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवून गाड्या पुढं-मागं करत होती. आम्ही बौद्ध, दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जाणारे; आमच्यात गाडीला लिंबू नाही की नारळ नाही. विहारातून आले, पांढरी साडी बदलली आणि चिंच भिजवायला घेतली. आपा म्हणाली, "लोकांचं लिंबू एक दिवसाचं, तुझी चिंच बारमाही." मला हसू आलं, पण रडायलाही फार लांब जावं लागलं नसतं.

कारण चाकं सुधारत नव्हती. उलट रविवारी ओली असताना जरा बरी दिसायची आणि बुधवार-गुरुवारपर्यंत आणखी पांढरी पडायची. जिथं एक ठिपका होता तिथं घोळका. मला वाटायचं, माझंच घासणं कमी पडतंय. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, बाबांचं मन राख ना, घास थोडं." त्याला काय जातंय सांगायला.

दिवाळीनंतर आई अंगणात घसरून पडली. उजव्या मनगटाला प्लास्टर. वस्तीवरच्या बाया भाकरी करून देत होत्या. मी फोनवर विचारायची, वेणी कोण घालतं, आणि ती म्हणायची, "घालतंय कुनीबी." मी मामांना म्हणाले, चाकं राहू देत, एकदा जाऊन येते. ते म्हणाले, "वाटंत टायर बसलं म्हंजी? एकटी बाईमानूस. चाकं साफ हू दे." काळजीनंच बोलतायत असं वाटलं. आपल्या काळजीपोटी कोणी आपल्याला कोंडलं तर भांडायचं कुणाशी? त्या रविवारी मी चिंचेची मात्रा दुप्पट केली.

आईचं प्लास्टर निघालं, तरी मी पोचले नव्हते.

मग एकदा आपानं तिच्या जर्मलच्या पातेल्यातून खीर पाठवली. अॅल्युमिनियमला आमच्याकडे अजून जर्मलच म्हणतात. पातेलं धुतलं, आणि वाडगा सापडेना म्हणून चाकांसाठीची चिंच त्यातच मीठ घालून भिजत टाकली. सकाळी कोळ ओतून घेतला तर पातेल्याचं बूड काळं पडलेलं आणि त्यावर पांढरे, बारीक, खरबरीत ठिपके. दुसऱ्याचं भांडं नासलं म्हणून आधी जीव चरकला. मग ते ठिपके ओळखीचे वाटले. मी पातेलं घेऊन अंगणात गेले आणि चाकाशेजारी धरलं.

तेच ठिपके होते.

त्याबरोबर दुसरी गोष्ट आठवली. लग्न होऊन नवी नवी आले होते, तेव्हा मी जर्मलच्या पातेल्यात चिंचेची आमटी केली होती आणि ती तशीच झाकून ठेवली होती. मामांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "जर्मलला आंबट लावत्यात व्हय? खातंय ते!" त्यांनी घरातली जर्मलची सगळी भांडी मोडीत काढली आणि स्टीलची आणली. कुठल्या धातूला काय चालतं आणि काय चालत नाही, हे सांभाळण्यातच त्या माणसाचा जन्म गेला होता. मॅग म्हणा, अलॉय म्हणा, चाकं जर्मलचीच. आणि हे मला माहीत नसेल, त्यांना माहीत होतं.

मी पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं, लायसन ठेवलं होतं तसंच.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं."

ते पातेल्यात बघत राहिले. डावा हात बंडीच्या खिशावर गेला.

"व्हय," ते म्हणाले. "ठाऊक हुतं."

"मग का मला घासायला लावलं?"

"तू गेलीस आन् तिकडंच ऱ्हायलीस तर? आई ती आई. मला कोन उठवंल?"

इथं मला त्यांची दया आली असं लिहिलं तर छान दिसेल. आली नाही. असा संताप आला की पातेलं उचलून अंगणात भिरकावलं, ते गडगडत गाडीपर्यंत गेलं आणि आपा धावत बाहेर आली. इतके रविवार. माझी आई एका हातानं कपडे पिळत होती आणि मी इथं स्वतःच्या हातानं, मन लावून, स्वतःची वाट बंद करत होते. वरून घासणं कमी पडतंय म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. मी एवढंच म्हणाले, "किल्ली."

किल्ली मी कधीही काढून घेऊ शकले असते. रोज बंडी मीच बदलायची, किल्ली या खिशातून त्या खिशात मीच ठेवायची. पण घेतली नाही. मोठ्यांनी द्यावी, मग घ्यावी, हे अंगातच मुरलेलं. त्या दिवशीही मी हात पुढे करून उभीच राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला.

किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "सांजंच्याला यशील नव्हं?"

मी टायरवाल्याला बोलवायला निघाले.

मेकॅनिकनं नवी बॅटरी बसवून इंजिन सुरू केलं. टायरवाल्यानं चारही टायर उतरवले. टायर जिथं चाकाच्या काठाला चिकटून बसतं, तिथंच पांढरं पीठ धरलं होतं, हवा तिथून जायची. त्यानं ते तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं, पॉलिश पेपर मारला, काळं सोल्यूशन लावून टायर बसवले. बाहेरची बाजू मी घरी केली. साबण आणि साधं पाणी, कोरडं पुसणं, बारीक पॉलिश पेपर, वर रंगाचा फवारा आणि त्यावर लॅकरचा. मामा बघत होते. एकदा म्हणाले, "लॅकर दोन हात मार, पैला वाळू दे." मी दोन हात मारले. रंग जुन्याशी जुळला नाही, खड्डे पडले होते ते तसेच राहिले. जवळून बघितलं तर देवीचे व्रण असलेल्या माणसासारखी दिसायची चाकं. पण हवा टिकली.

निघायच्या दिवशी पहाटे मामा जागे होते. आपा येऊन बसली होती. मी म्हणाले, "येते." त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही, चाकांकडे पाहिलं.

गाडी चालवताना आनंद झाला का? संगमनेर सोडेपर्यंत फक्त भीती. अकोल्याच्या पुढे मी काच खाली केली, चढाला गिअर बदलला आणि ‘अगं बाई’ म्हणाले नाही. तेव्हा जरा झाला.

आईनं आवाज ऐकून, गाडी कुणाची म्हणून विचारलं. मग माझं तोंड चाचपून पाहिलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू इतका उतरला होता, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. मनगट वाकडं सांधलं होतं. मी तिचं डोकं धुतलं, वेणी घातली, तांदळाची भाकरी आणि शेंगदाण्याचं झिरकं केलं. तिनं शेजारणींना बोलावून गाडी दाखवली. "लेकीनं चालवत आनली," तिनं हे प्रत्येकीला सांगितलं. दुपार कशी गेली कळलं नाही.

ऊन उतरायला लागलं, तशी मी पिशवी उचलली. किल्ली खुंटीला अडकवली होती. खुंटीला किल्ली नव्हती.

खाली पाहिलं, चुलीपाशी पाहिलं, तांदळाच्या कणगीमागं पाहिलं, गाडीत वाकून पाहिलं. आई उंबऱ्यात बसून म्हणत होती, "सापडंल की. एवडी कसली घाई? उद्याच्याला जा." मी पुन्हा आत आले आणि थांबले. पडलेली सुईसुद्धा हुडकायला जमिनीवर हात फिरवणारी बाई, आणि आज ती जागची उठत नव्हती. तिचा डावा हात पदरावर घट्ट होता. तसा हात मी भिंगारला बंडीच्या खिशावर रोज बघत होते.

मी तिच्यासमोर बसले. "आई, मामांना रात्री कूस बदलून कोण देणार?"

"त्यांना तू हायस," ती म्हणाली. "मी पडले तवा मला उठवाया कोन हुतं?"

मामांसमोर मी पातेलं तरी भिरकावलं होतं. इथं हातात भिरकावायलाही काही नव्हतं.

शेवटी तिनंच पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं. "तूच सोड. माज्यानं न्हाई व्हायचं." एका धड हातानं मारलेली गाठ, पण अशी आवळलेली की मला दात लावावे लागले. किल्ली गरम झाली होती.

मी गाडीभोवती फिरून चारही चाकं दाबून पाहिली. हवा जशीच्या तशी होती.

"यशील नव्हं?" आईनं विचारलं.

पहाटे भिंगारच्या ओट्यावर जे म्हणाले होते, तेच मी इथं म्हणाले. "येते." दोघांपैकी कुणालाही ते खरं वाटलं नाही, आणि मी दोन्हीकडे खोटं बोलत नव्हते.