हरवलेले तेरा ओहम

सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत दुपार नारिंगी असायची. बाहेर लूमची खटखट, आत आई साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेली. कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीची कॉइल तापून लाल झाली की तिचा उजेड टिकल्याटिकल्यांवर सांडायचा. साड्यांच्या ढिगाला डोकं टेकून पप्पा झोपलेले असत. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधली रात्रपाळी करून आलेले, नखांत निळा रंग. मला वाटायचं, आपण एका मोठ्या दिव्याच्या पोटात राहतो.

कॉइल तुटली की आई नवी आणत नसे. जळकी टोकं तोडायची, उरलेली ताणून एकमेकींत पिळायची, की झालं. गल्लीतल्या बायका आपापल्या शेगड्या घेऊन तिच्याकडे यायच्या. "नवीपेक्षा मनी जास्त तपस," ती आपल्या शेगडीकडे बोट दाखवत अहिराणीत ऐटीने सांगायची. आणि ते खरंच होतं. चहा बघता बघता उकळायचा.

मी तेव्हा आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होते. एकदा सरांनी विचारलं, कॉइल तोडून आखूड केली तर जास्त तापेल की कमी? सगळा वर्ग म्हणाला, कमी. मी एकटी म्हणाले, जास्त. पोरं फिदीफिदी हसली, पण सर म्हणाले, बरोबर. मी अशी फुगले की विचारू नका. मग सरांनी फळ्याकडे वळत सहज विचारलं, "और वायर?"

घरी येताना तेवढा एकच शब्द डोक्यात घुमत होता. आखूड कॉइलचा रोध कमी, म्हणून ती जास्त करंट ओढते, आणि तो येतो वायरमधूनच; आमची बारीक वायर तर साड्यांच्या ढिगामागून जायची.

दुसऱ्या दिवशी सरांचा मीटर मागून आणला. व्होल्टेज दोनशे तीस. वायरचा एक पदर मीटरच्या चिमट्यात धरला, करंट पावणेसहा अँपिअर. टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटावर भागाकार केला: रोध चाळीस ओहम. गुणाकार केला: तेराशे वॅटच्या वर. हजार वॅटच्या नव्या कॉइलला त्रेपन्न ओहम हवेत. तेरा ओहम गेले कुठे?

गेले कुठेच नव्हते. एका तुकड्यावर कॅलेंडर टांगलेलं, एकाने डब्याची कडी बांधलेली, एक माझ्या पैंजणात. आईने टाकून असं काही दिलंच नव्हतं. मला तिचा राग आला आणि तिच्याबद्दल माया दाटून आली, दोन्ही एकदमच.

"आई, ही वायर पाचशे वॅट सोसते की सातशे, मला ठाऊक नाही. पण तेराशेचा आकडा तिच्या ताकदीबाहेरचा आहे."

"तुना आकडा तुना जवळ ठेव. चहा उकळना," म्हणत तिने पातेलं उतरवलं.

मग मी तिचा हात धरला आणि ढिगामागच्या वायरवर ठेवला. तापातल्या लेकराच्या अंगासारखी ती गरम लागत होती. आईने हात तसाच ठेवला. तिची नजर वायरवरून साड्यांवर गेली, तिथून पप्पांच्या डोक्यावर.

"तुना बाप आठेच झोपस ना व," ती त्याच जागेकडे बोट करत हळूच म्हणाली.

तिने स्वतः उठून बटण बंद केलं. त्याच आठवड्यात नवी कॉइल आणि जाड वायर आली. मी वायर साड्यांपासून लांब, उघड्या भिंतीवरून नेली. पहिल्या दुपारी आधण काही केल्या येईना. पप्पांनी अर्धवट डोळे उघडून विचारलं, "चहा?"

रोज हलवून हलवून त्यांना उठवणारी आई शेगडीकडे बघत म्हणाली, "झोपा आखो थोडसं. आजपाईन चहाले येळ लागी."