मातीला गेल्याची शिक्षा

एका सोमवारी दुपारी तालुक्याच्या कोर्टाने माझ्या थोरल्या भावाला एक वर्षाची कैद सुनावली. तो काकूच्या मातीला गेला होता.

ही दोन वाक्यं मी लिहितो, वाचतो, आणि अजूनही मला ती खरी वाटत नाहीत.

आधीचं सांगतो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि भावाने चुलतभावाचा हात काठीने मोडला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून न्यायाधीशांनी शिक्षा न सुनावता त्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. अटी दोन. परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे दर महिन्याला हजेरी द्यायची, आणि चुलतभावाच्या घराकडे फिरकायचं नाही.

मग त्या चुलतभावाची आई वारली. आमच्या रिठदच्या बाजूला बोलणं बंद असलं तरी मातीला जातात. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"जाऊ नका म्हन्ते मी. सही करून आले ना तुमी?"

"भांडन त्याच्यासंग हाय. काकूसंग काय हाय माह्यं?"

भाऊ तिरडीला खांदा द्यायला पुढे झाला, तेव्हा चुलतभावाने सरकून जागा दिली. मागून कोणीतरी म्हणालं, "सांभाळून बे, आता अजून एक हात मोडशीन त काकूले उचलन कोन?" रडणारेही हसले.

तक्रार कोणीच केली नाही. पुढच्या हजेरीला अधिकाऱ्यांनी खुशाली विचारली, तेव्हा भावानेच सगळं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी कोर्टाला कळवलं.

वकील निर्धास्त होते. पहिल्या अटीभंगाला न्यायाधीश किरकोळ दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतात, किंवा मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतात. "दंडच होईल," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "परवानगी का घेतली नाही?"

"माती थांबत नाही साहेब."

"पुन्हा अशी वेळ आली तर?"

वकील खाकरले. भावाचं तिकडे लक्ष नव्हतं. "जावंच लागते साहेब," तो म्हणाला.

अट पाळणार नाही असं जो तोंडावर सांगतो, त्याला बंधपत्राचा लाभ देता येत नाही, असं निकालात आहे. मी तो पुष्कळदा वाचला. भाषा नेमकी आहे, राग कुठेच नाही. त्यानेच मी जास्त हादरलो.

अपील दाखल झालं. जामिनाची कागदपत्रं आम्ही जुळवत होतो, तोच तुरुंगातून फोन आला. त्याच्या छातीत दुखलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

माणूस गेला की त्याचं अपीलही संपतं. जवळच्यांनी परवानगी मागितली तरच ते पुढे चालतं. वहिनीने मागितली, आणि मिळाली. शिक्षा रद्द झालेली तिला पाहायची आहे.

अपील चालू आहे. तारखेला वहिनी आणि मी जातो.