गोड लागलेला पेढा

शहाडहून हरेशच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होतो. "दादा गेला... झोपेतच." कॉलेजात एका बाकावर बसायचो आम्ही. पन्नाशीही गाठली नाही त्याने. त्याला महिना होऊन गेला, पण मला सारखा आठवतोय तो कारगिलचा उन्हाळा.

टीव्हीवर रोज डोंगर आणि धूर दिसायचा, आणि तेव्हाच ठाण्यात सैन्यभरती निघाली. हरेश आणि त्याच्या शेजारचा गणेश निघाले, तर भरती व्हायच्या आधीच गावाने दोघांना हार घातले, बँजो लावला. मुक्कामाला ते नौपाड्यात आमच्याकडे आलेले. सकाळी मीही मैदानावर गेलो. कुणी शेत सोडून, कुणी रिक्षा लावून आलेली पोरं, हाफ चड्डीवर, उघड्या अंगाने रांगेत उभी. छातीवर पेनाने नंबर टाकलेले, जरा गर्दी हलली की लाठी. धावण्यात हरेश पुढे, गणेश मागून धापा टाकत. पण शेवटी डॉक्टरांनी हरेशला टाचा जुळवून उभं केलं, आणि त्याचे गुडघे एकमेकांना टेकले. "अनफिट. नेक्स्ट." गणेशला मात्र घेतलं.

"हार घातलेत रे त्यांनी, कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणत हरेश आमच्याकडेच बसून राहिला. शेवटी मीच त्याला घरी नेलं. त्याची आई अंगणात मासे साफ करत होती.

"आये, मना नाय घेतला."

ती ओल्या हातांनीच त्याच्या गळ्यात पडली. "बेस झाला! माजा पोऱ्या घरा आयला!"

त्याला घेऊ नये म्हणून तिने देवीला नवस केलेला! संध्याकाळी तिने गावभर पेढे वाटले, आणि आनंदाच्या भरात शेजारी गणेशच्या घरीसुद्धा. गणेशच्या आईने, शेवंताबाईंनी, पेढा हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. हरेश आपल्या दारातून बघत होता. त्याची मान जी खाली गेली...

पुढे त्याला कारखान्यात नोकरी लागली. कामावर जाण्याआधी तो रोज शेवंताबाईंकडे डोकावायचा, त्यांनी दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी नेऊन बाजार आणून द्यायचा. त्यांचं रेशन, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्यानेच केलं. पण गणेश सुट्टीवर आला की हा डोंबिवलीला मावशीकडे निघून जायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, पेढे तुझ्या आईने वाटले. तुझा काय दोष?"

 तो म्हणाला, "मीही खाल्ला ना एक. गणेश तिकडे जाणार होता, आणि मला तो गोड लागला रे..."

गणेश धडधाकट परत आला, निवृत्त होऊन आता घरीच असतो, पण हरेश शेवटपर्यंत दारातूनच पिशवी न्यायचा. हरेशच्या तेराव्याला गेलो तेव्हा गणेशच्या दाराच्या कडीला शेवंताबाईंनी बाजाराची पिशवी अडकवलेली दिसली. गणेश ती काढायला गेला.

"दे आये, मी आनतो."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती हरेशची हाय."

गणेशने हात मागे घेतला.